दोन पडदे खाली

गिटार हाती आली की महिन्याभरात चार कॉर्ड वाजू लागतात आणि आपल्याला संगीत आले, असा समज होतो. चर्चच्या गायनमंडळात गिटार वाजविणाऱ्या आम्हा तिघांचाही तो समज होता. एका अंत्यविधीच्या मिस्सेत तो गळून पडला.

निधन पावलेल्या गृहस्थांचे आवडते गीत त्यांच्या वृद्ध पत्नीला स्वतः गायचे होते. आम्ही ते 'ए' पट्टीत बसविले होते. कारण ए, डी आणि ई या कॉर्डमध्येच ते आम्हांला पाठ होते. ध्रुवपदाच्या वरच्या सुरावर आजींचा आवाज फाटला. आमच्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "बाळांनो, जरा खालून घ्या ना." आम्ही घाईघाईने कॅपो शोधला, परंतु कॅपो सूर चढवितो, उतरवीत नाही! आजी मुकाट्याने खाली बसल्या. चर्चमध्ये नुसत्या गिटारीच वाजत राहिल्या.

मिस्सेनंतर वृद्ध पेटीमास्तरांनी आम्हांला बोलावले. ते रागावले नाहीत. त्यांनी पेटी उघडली.

"पोरांनो, तुमची बोटे शिकली, कान शिकायचे राहिले," ते म्हणाले.

सप्तकात स्वर बारा. पेटीवर ते सात पांढऱ्या व पाच काळ्या पट्ट्यांत दिसतात. गिटारीवर एकेका पडद्यागणिक एकेक स्वर चढत जातो. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि तेथे मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. कोणत्याही 'सा'पासून दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक असे पडदे मोजत गेले की शुद्ध स्वरांचे सप्तक पूर्ण होते. त्यातील सा, ग, प एकत्र वाजविले की मेजर कॉर्ड. 'ग' एक पडदा उतरविला की मायनर. सा, म आणि प यांवर उभ्या राहणाऱ्या तीन कॉर्डवर कितीतरी साधी भक्तिगीते निभावतात.

"ए हा सा धरला, तर म डी आणि प ई. आता सा दोन पडदे खाली आणा. पांढरी सहावरून पांढरी पाच. सांगा, म कोणता? प कोणता?"

आम्ही बोटांवर मोजले. जी, सी, डी! या तिन्ही कॉर्ड आम्हांला पहिल्या महिन्यापासून येत होत्या. ए, डी, ई यांच्याशी त्यांचे नाते काय, एवढेच ठाऊक नव्हते. आजींना हवे होते ते आमच्या बोटांत असूनही आम्ही देऊ शकलो नव्हतो.

वर्षदिनाच्या मिस्सेआधी आम्ही आजींच्या घरी गेलो आणि प्रथम विचारले, "आजी, कोणत्या पट्टीत गाल?" त्या गुणगुणल्या, आम्ही सूर शोधला. मिस्सेत वरच्या सुरावर त्यांचा आवाज थरथरला, पण तुटला नाही. गीत शेवटपर्यंत गेले.

आता नवा मुलगा गिटार घेऊन आला की आम्ही त्याला आधी पडदे मोजायला लावतो. तो कंटाळतो. मग आम्ही त्याला आजींची हकीकत सांगतो.