संध्याकाळचा बाक

स्पेनच्या दक्षिणेस, सिएरा नेवादा पर्वताच्या पायथ्याशी ग्रानादा हे शहर वसले आहे. प्रवासी येथे येतात ते अल्हाम्ब्राचा मूरकालीन राजवाडा पाहण्यासाठी. मी तेथे गेले ती इंग्रजी शिकवायला. माझे विद्यार्थी सारे साठी-सत्तरी ओलांडलेले. परदेशी वाढणाऱ्या नातवंडांशी चार वाक्ये बोलता यावीत, एवढीच त्यांची इच्छा. ‘स्कूल’ला ते ‘एस्कूल’ म्हणत. आजीच्या तोंडचे ‘इस्टेशन’ ऐकत वाढलेल्या मला ते ऐकून घरी आल्यासारखे वाटे.

एकदा त्यांना मी ‘माझा दिवस’ या विषयावर दहा वाक्ये लिहायला सांगितली. त्या वह्यांतून मला तेथील जगण्याची रीत उमगली. सकाळी भाजलेला पाव, त्यावर ऑलिव्हचे तेल आणि किसलेला टोमॅटो. मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमारास. त्यात कडधान्ये, भाज्या, मासे. जेवण संपले तरी कोणी लगेच उठत नाही. ताटे बाजूला सारून गप्पा चालतात. या वेळेला त्यांच्या भाषेत ‘सोब्रेमेसा’ असे स्वतंत्र नाव आहे. युनेस्कोने 2010 साली भूमध्यसागरी आहाराला सांस्कृतिक वारसा मानले, तेव्हा पदार्थांइतकेच महत्त्व एकत्र जेवण्यालाही दिले.

मात्र प्रत्येक वहीत एक वाक्य हटकून होते : ‘संध्याकाळी मी बाहेर जातो.’ कशासाठी, हे कोणीच लिहिले नव्हते. मी विचारले, तेव्हा वर्ग हसला. बाहेर जायला कारण कशाला हवे?

या फेरफटक्याला ‘पासेओ’ म्हणतात. 1940 पासून स्पेनची घड्याळे मध्य युरोपाच्या वेळेनुसार चालतात. त्यामुळे जूनमध्ये ग्रानादात सूर्य साडेनऊनंतर मावळतो. ऊन उतरले की आजी-आजोबा स्वच्छ कपडे घालून, केस नीट विंचरून खाली येतात. खेनील नदीकाठच्या झाडांखाली बाक आहेत. ज्यांना चालवते ते चालतात, ज्यांना चालवत नाही ते काठी टेकून बसतात. प्रत्येक मेळ्याचा बाक आणि वेळ ठरलेली.

माझ्या वर्गातील एक आजी एकट्या राहत. एका संध्याकाळी त्यांची बाकावरची जागा रिकामी राहिली. अर्ध्या तासाने दोघी मैत्रिणी त्यांच्या घरी गेल्या. आजी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. दुपारपासून उठता येत नव्हते. वेळेवर उपचार मिळाले. पुढे वर्गात परत आल्या, तेव्हा भूतकाळ शिकताना त्यांनी इंग्रजीत वाक्य केले, ‘मी आले नाही, म्हणून त्या आल्या.’ व्याकरणात एकही चूक नव्हती.

त्या रात्री मला साताऱ्याची आई आठवली. तीही एकटीच, दुसऱ्या मजल्यावर. मी तिला रोज फोन करी. गोळ्या घेतल्यास का, साखर किती आली, सारे विचारी. दुसऱ्या दिवशी प्रथमच विचारले, “संध्याकाळी खाली कधी उतरतेस?” ती म्हणाली, “उतरून करू काय? खाली माझी वाट बघणारं आहे कोण?” मला उत्तर सुचले नाही.

स्पेनचे सारेच आपण उचलावे, असे मी म्हणणार नाही. तेथील रात्री नऊनंतरचे जेवण किंवा खारवलेले मांस आपल्या मधुमेही, रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांना सोसणारे नाही. बाक मात्र उचलता येईल. तुमच्या घरी वडीलधारे असतील तर त्यांच्यासाठी संध्याकाळची एक वेळ, जवळची एक जागा आणि दोन सोबती ठरवा. जिना उतरवत नसेल तर सोबत्यांनाच वर बोलवा. ज्येष्ठ आले नाहीत, तर त्याच संध्याकाळी चौकशी करायची, एवढे त्यांच्याशी बोलून ठेवा. आणि वाचकहो, तुम्ही स्वतःच ज्येष्ठ असाल, तर शेजारच्या एकट्या माणसाला आजच हाक मारा.

आई आता साडेपाचला शेजारच्या काकूंचा हात धरून उतरते. माझा फोन तेव्हा आला तर घेत नाही. म्हणते, “नंतर कर, आम्ही बोलतोय.”