खुराड्याखालची फट

आमच्या खानापूर तालुक्यात रान घराच्या पाठीशी येऊन उभे असते. त्यामुळे कोंबड्या पाळणे म्हणजे रोज तिन्हीसांजेला एक लहानसे कर्तव्य अंगावर घेणे होय. हे कर्तव्य मी कसे चुकविले आणि त्याचे मोल दुसऱ्याच कोणाला कसे द्यावे लागले, ते आज प्रिय वाचकांस सांगावेसे वाटते.

देवळामागच्या परसात आमच्या अकरा कोंबड्या होत्या. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी पावसाळ्याच्या आरंभी मला दोनदा सांगितले, "फादर, खुराड्याच्या दाराखालची माती वाहून गेलीय. तेवढी फट बुजवून घ्या." मी म्हणालो, "उद्या पाहू." कामे पुष्कळ होती, आणि कडी तर मी रोज स्वहस्ते लावीत होतो.

एका सकाळी दार उघडले तो सात कोंबड्या मरून पडलेल्या. खाल्ली होती एखादीच; बाकीच्यांच्या मानेला केवळ चावा होता. शेजारच्या बाबांचा कुत्रा आदल्या दिवशी आमच्या परसात हिंडताना मी पाहिला होता. संतापाच्या भरात मी निरोप धाडला, "आपला कुत्रा आवरा." बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो लेकीच्या गावी नेऊन ठेवला. एकटे वृद्ध गृहस्थ. रात्री सोबतीला तेवढाच एक जीव होता.

तीन रात्रींनंतर आणखी एक कोंबडी गेली. तेव्हा मावशींनी मला दाराशी वाकायला लावले. फट जेमतेम पाच बोटांची. कडेला करडे केस अडकले होते. "ह्यातनं कुत्र्याचं डोकं तरी शिरेल का, फादर?" मी निरुत्तर झालो. ते काम काळमांजराचे होते. ते रात्री येते, अरुंद जागेतून आत शिरते, आणि कोंबड्या फडफडू लागल्या की एकीमागून एक मारीत सुटते. कोंबडीला अंधारात दिसत नाही. बिचारी पळणार तरी कोठे?

एका तरुणाने विष घालण्याचे सुचविले. मी नको म्हटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळमांजर, रानमांजर, मुंगूस यांना मारणे गुन्हा आहे. शिवाय विष कोणाच्या पोटात जाईल याचा नेम नसतो. आणि हेच प्राणी आपले उंदीर व साप कमी करतात. दोष जनावराचा नव्हता, फटीचा होता.

त्याच सायंकाळी मी बाबांच्या ओसरीवर जाऊन क्षमा मागितली. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "उद्या घमेलं आणि कुदळ काढून ठेवा, फादर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खुराड्याभोवती हातभर चर खणला. अर्ध्या इंचाच्या भोकांची जाड जाळी त्यात पुरून तिची खालची कड बाहेरच्या बाजूस वळविली, म्हणजे उकरणाऱ्याला ती आडवी येते. मोठ्या भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवीत नाही, हे मला बाबांनीच शिकविले. उंबऱ्याखाली दगड व सिमेंट घातले, कडीला खिट्टी जोडली, भोवतालची झुडपे तोडली. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत, कारण दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप, असेही ते म्हणाले. लहान पिले घार व कावळा यांच्यापासून जपण्यासाठी दिवसा डालग्याखाली ठेवावीत.

पुढे खुडूक बसलेल्या कोंबडीखाली एकविसाव्या दिवशी नऊ पिले निघाली. चार पिले मी बाबांना दिली; ती त्यांनी आनंदाने घेतली. कुत्रा मात्र लेकीच्या मुलांत रमला आहे. त्याला परत आणण्यास बाबांचे मन होत नाही, आणि ते माझ्याने भरून देता येत नाही.

आता दिवेलागणीपूर्वी मी कोंबड्या मोजतो, कडी ओढून पाहतो, आणि मग कंदील खाली धरून दाराखाली वाकतो. आपणही, वाचकहो, आज सायंकाळी एकदा वाकून पाहावे. आणि कोणाच्या कुत्र्याचे नाव घेण्यापूर्वी तर अवश्य पाहावे.