पेटीतले रंग, माडावरचे रंग

एका निवृत्त शिक्षकांनी तरुणपणी मालवण आणि आंबोली परिसरात जमवलेली फुलपाखरांची लाकडी पेटी माझ्याकडे आली. नीलवंतासारख्या मोठ्या पाखरांना चिठ्ठ्या होत्या. चपळ कुळातली मात्र सगळी बिननावाची. जाड अंग, आखूड पंख, मिशांची टोकं गळासारखी वळलेली, एवढ्यावरून कुळ कळतं. जात ठरवणं अवघड.

रंगावर भिस्त ठेवावी, तर काहींनीच साथ दिली. मागच्या पंखांना नारिंगी झालर असलेलं ऑरेंज ऑलेट लगेच ओळखू आलं. काळ्या पंखांवर मोठा पांढरा डाग म्हणजे ग्रास डेमन. आमच्या परसातल्या हळदीवर त्याच्या अळ्या असतात. पिवळ्या-काळ्या पाम डार्टपाशी मात्र भिंग हातात घ्यावं लागलं. पुढच्या पंखावरचा पिवळा पट्टा शिरांवरून कडेपर्यंत ओघळलेला असला तर पेल, काळ्या किनारीपाशीच थांबला तर डार्क. नराच्या पंखावरची करडी रेघही पाहावी लागते. ब्रिगेडियर इव्हान्स यांचं भारतीय फुलपाखरांच्या ओळखीचं पुस्तक (दुसरी आवृत्ती १९३२) असल्या बारीक खुणांवरच चालतं.

सर्वांत मोठ्या नमुन्याच्या तपकिरी पंखांवर पिवळसर, काचेसारखे ठिपके होते. डोळे सुकून काळपट झालेले. तो जायंट रेडआय असावा असं वाटत होतं, पण ज्या लाल डोळ्यांवरून त्याचं नाव पडलं तेच पेटीत उरले नव्हते. आतेला तो दाखवला. ती म्हणाली, "तिन्हीसांजेक येता हो, माडार." मग आम्ही माडाच्या खालच्या झावळ्या तपासल्या. एका गुंडाळलेल्या पातीत अळी मिळाली, अंगभर पांढऱ्या मेणाचे लांब धागे. तिला पाती घालत वाढवलं. कोशातून पाखरू बाहेर आलं तेव्हा त्याचे डोळे माणकासारखे लाल होते, आणि पंखांवरचे ठिपके पेटीतल्या नमुन्याशी एकेक करून जुळले.

कारवारचे वनाधिकारी टी. आर. बेल यांनी असंच केलं होतं. सोबत्यांबरोबर त्यांनी उत्तर कानड्यातल्या असंख्य अळ्या घरी वाढवल्या. कोणतं पाखरू कोणत्या झाडावर वाढतं हे आपल्याला आज माहीत आहे, ते पुष्कळसं त्या कष्टांमुळे. म्हणून गुरुजींची पेटी परत करताना नावांसोबत मी एक वहीही दिली: रेडआय आणि पाम बॉबपुढे माड, कॉमन बँडेड ऑलपुढे करंज, चेस्टनट बॉबपुढे बांबू.