दादीची इजाजत

गेल्या रमजानमधली गोष्ट. अस्रची नमाज झाली होती. अम्मी स्वयंपाकघरात भज्यांचं पीठ फेटत होत्या. पदर खांद्यावर, ओठांवर दरूद. नववीतल्या आमच्या मुलाने गुपचूप मोबाइल धरला, दरूदचा आवाज बंद करून वर गाणं चढवलं आणि 'दादीची इफ्तार' म्हणून व्हिडिओ टाकून दिला. दोन दिवसांत हजारो लोकांनी पाहिला. खोटं कशाला बोलावं, आम्हीही खूश झालो.

शेजारच्या खालांनी अम्मींना मोबाइलवर तो दाखवला. अम्मी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी तर कडी लावून बसले होते रे. दार उघडलं कोणी?"

आम्ही दोघेही शिक्षक, पण या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली. त्याच वर्षी रील्स आणि शॉर्ट्स आले आणि छोट्या व्हिडिओंची सवय तशीच चालू राहिली. बीजगणितात अडखळणारा आमचा मुलगा यूट्यूबचे आकडे मात्र घडाघडा सांगतो: 1000 सबस्क्रायबर हवेत, शिवाय वर्षात 4000 तास पाहणी किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज, मग जाहिरातीच्या पैशात वाटा. पूर्वी आपण टाकलेलं बहुतेक ओळखीचेच पाहत. आता कोण कुठे किती वेळ थांबतो ते बघून अ‍ॅपच अनोळखी माणसांपुढे व्हिडिओ नेऊन ठेवतं. म्हणून तर घरातली माणसं, घरातली भांडणं, तान्ही बाळंसुद्धा 'कंटेंट' झाली आहेत.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण मुलाच्या हातात मोबाइल असेल, तर दादीची संमती कोणी घ्यायची? ते घरातच शिकवावं लागेल.

मुलाने व्हिडिओ काढून टाकला. तोवर कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये तो उतरला, हे कळायला मार्ग नाही. आता घरात एकच नियम आहे: ज्याचा चेहरा, त्याची इजाजत.

माफी मागायला आम्ही मुलाला अम्मींकडे पाठवलं. तो उंबऱ्यापाशी घुटमळला, तेव्हा आम्हीही त्याच्यासोबत आत गेलो. शाळेच्या स्टाफरूममध्ये तो व्हिडिओ चारचौघांना कौतुकाने दाखवणारे आम्हीच होतो.