पाठांतर कुणाचं?

"मुलींना पाठ लवकर होतं," असं आमच्या मोहल्ल्यात सर्रास बोललं जातं. त्यात थोडं तथ्य आहे. शब्द आणि गोष्टी लक्षात ठेवण्यात लहान मुली सरासरीने किंचित पुढे असतात. पण मुलामुलांत आणि मुलीमुलींत दिसणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

मला खटकतं ते वेगळंच. मकतबमध्ये सूरा आधी पाठ करते बहीण, हाफिज व्हायला पाठवतात भावाला. कुरआनची संकलित प्रत हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे जपलेली होती. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून सुमारे २,२१० हदीस आपल्यापर्यंत आल्या. हे आपण अभिमानाने सांगतो. मग घरात कुणाला शिकवायचं हे ठरवताना मुलगा की मुलगी ते पाहू नका. सबक कोण ऐकवतं, ते पाहा.