सिनसिनाटीची लाल मिरवणूक

मार्चअखेरीस अमेरिकेतल्या ओहायो राज्यात असाल, तर बेसबॉल हंगामाच्या पहिल्या दिवशी सिनसिनाटी गाठाच. ‘रेड्स’च्या सामन्याचं तिकीट नाही मिळालं तरी चालेल. खरी गंमत रस्त्यावर असते, तीही फुकट!

उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ १८६९ मध्ये याच शहरानं उभा केला. त्यामुळे इथे हंगामाची सुरुवात म्हणजे सणच. फिंडले मार्केट या जुन्या मंडईतले व्यापारी १९२० पासून त्या दिवशी मिरवणूक काढतात. बँडपथकं, चित्ररथ, संघाचे जुने खेळाडू आणि जिकडे तिकडे लाल टोप्या! कागदोपत्री सुट्टी नसते, पण कित्येक मुलं शाळेला दांडी मारतात आणि आईवडीलच त्यांना घेऊन येतात. काही घरांचा तर कोपराही ठरलेला. तिथे आधी आजोबा उभे राहायचे, आता नातू. घडीच्या खुर्च्या, ब्लँकेट, थर्मास असा सगळा सरंजाम असतो. तुम्हीही स्वेटर विसरू नका, थंडी चांगलीच बोचते.

२०१९ मध्ये शंभरावी मिरवणूक निघाली आणि पुढची दोन वर्षं कोरोनानं रस्ता रिकामा ठेवला. २०२२ च्या एप्रिलमध्ये बँड पुन्हा वाजले. मधल्या काळात मुलं वाढायची थोडीच थांबतात? खांद्यावर बसून मिरवणूक पाहिलेली पोरं आता बापाच्या शेजारी, टाचा उंचावून उभी होती.