मोत्यासारखे दात!

सकाळी आठच्या लेक्चरला आमच्या बॅचमधली निम्मी पोरं दात न घासता येतात, हे उघड गुपित आहे. अशा होस्टेलात राहणारा मी सुट्टीत घरी गेलो की कुत्र्याचे दात घासतो, हे कळल्यावर माझी किती खेचली गेली असेल ते विचारू नका!

आमचा मोत्या नऊ वर्षांचा. मागच्या दिवाळीत घरी गेलो तर हा भाकरी तोंडात घ्यायचा अन् तशीच खाली टाकायचा. तोंडाला भयानक वास. आजी म्हणाली, "वय झालं रे त्याचं, आता किती दिवसांचा सोबती..." आणि भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली. स्वतः मात्र त्या रात्री जेवली नाही.

मामाच्या ओम्नीत घालून त्याला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी ओठ वर केला आणि म्हणाले, "वय नाही, दात."

कुत्र्याला 42 दात असतात, मांजराला 30. खाल्ल्यावर दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळेवर पुसला नाही तर लाळेतले क्षार साचून त्याचा दगड होतो. मेकॅनिकलवाल्यांनो, बॉयलरच्या ट्यूबमधलं स्केल आठवा, सेम केस! कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा जास्त अल्कलाइन, त्यामुळे दात किडतात कमी, पण दगड पटापट जमतो. नुसत्या हिरड्या सुजल्या असतील तर त्या बऱ्या होतात. दात धरून ठेवणारं हाड झिजलं, की ते काही परत येत नाही.

साफसफाई पूर्ण भूल देऊनच करतात, कारण हिरडीच्या आतलाही थर काढावा लागतो. नऊ वर्षांच्या जीवाला भूल, म्हणून आधी रक्त तपासलं. "कुत्र्यावर कसला एवढा खर्च" म्हणणारे आमचे बाबा तेव्हा बाहेर येरझाऱ्या घालत होते. पाच दात काढावे लागले. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं मऊ भात स्वतःहून खाल्ला, आणि आजीनं देवापुढे साखर ठेवली.

हिरड्या भरल्यावर ब्रश सुरू केला. पहिला आठवडा नुसतं बोटाला फडकं गुंडाळून. आपली पेस्ट बिलकूल वापरायची नाही. त्याला थुंकता येत नाही, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल कुत्र्याला चक्क विष आहे. त्यांची वेगळी पेस्ट मिळते, चिकनच्या चवीची. मी नसताना आमची माळकरी आजी नाकाला पदर लावून तीच पेस्ट रोज त्याच्या दातांना लावते! टणक हाडं बंद, त्यानं वरची मोठी दाढ फुटते. नख दाबून खळगा पडत नसेल, तर ती वस्तू चघळायला द्यायचीच नाही.

मनीचं प्रकरण मात्र अवघड आहे. मांजर ते मांजर. महिनाभर हातावर ओरखडे घेतल्यावर बाईसाहेब आता बोटानं हिरड्या चोळू देतात, तेही फक्त उजवीकडच्या. डावी बाजू सध्या बॅकलॉगमध्ये आहे.